कर्सिव्ह फॉन्टमधली अक्षरं सुटी का पडतात? पत्रिकेच्या टेबलावरून

परवा संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा तोच फोटो आला. म्हणजे नवरा-नवरी वेगळी, पत्रिका वेगळी, पण फोटो तोच. प्रेसमधल्या मॉनिटरचा, घाईत तिरका काढलेला, आणि खाली निरोप: "दादा, तुमची फाईल मोबाईलवर झकास दिसतेय. इथे मात्र नावं तुटलीत. उद्या सकाळी प्लेट काढायचीय."

फोटो मोठा करून पाहिला. इंग्रजी लिपीत वैभव आणि शिवानी, मधे वेलबुट्टीचं 'अँड'. वैभवमधला बी आणि त्याच्यापुढचा एच यांच्यात केसभर फट. शिवानीतल्या व्हीची शेपटी पुढच्या ए च्या डोक्यावरून हवेत निघून गेलेली आणि तो ए बिचारा खाली एकटा उभा. लांबून कुणाला कळणार नाही. पण मुलीच्या आत्याला कळतं, आणि मग चारशे पत्रिका कोणाच्या गळ्यात मारायच्या हा प्रश्न उभा राहतो.

गेली अठरा वर्षं मी हेच करतोय: लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दवाखान्यांच्या पाट्या, आता केक आणि मेणबत्त्यावाल्या मुलींची लेबलं. कर्सिव्ह म्हणजे हातानं जोडून लिहिल्यासारखी वळणदार अक्षरं. 'कर्सिव्ह फॉन्ट बिघडला' ही तक्रार लग्नसराईत आठवड्यातून दोनदा तरी येते. गिऱ्हाईक म्हणतं फॉन्ट खराब आहे. फॉन्ट क्वचितच खराब असतो. कारणं पाच-सहाच आहेत, फक्त सगळ्यांचा चेहरा एकसारखा दिसतो. मी ती कुठल्या क्रमानं तपासतो ते लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी फोटोला उत्तर म्हणून हेच पाठवता येईल.

आधी जोड बसतो कसा

पत्रिकेवर चालणारे बहुतेक कर्सिव्ह फॉन्ट इंग्रजी राउंडहँडच्या घराण्यातले. सतराव्या-अठराव्या शतकात लंडनचे लेखनशिक्षक टोकदार टाकानं हे अक्षर शिकवायचे. टाक खाली ओढताना दाब, म्हणून रेघ जाड. वर नेताना हात हलका, म्हणून रेघ केसासारखी. त्यांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, त्यावरून कॉपरप्लेट हे नाव पडलं. जॉर्ज बिकहॅमनं अशा कित्त्यांचा मोठा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात हप्त्याहप्त्यानं छापला. ॲडोबीच्या १९९७ मधल्या बिकहॅम स्क्रिप्टला त्याचंच नाव आहे. मॅकवर मिळतो तो स्नेल राउंडहँड चार्ल्स स्नेल या तशाच एका लेखनशिक्षकाच्या अक्षरावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात फोटो-टाइपसेटिंगसाठी, म्हणजे फिल्मवर अक्षरं जुळवायला, काढला. शिशाच्या खिळ्यांच्या काळात असलं अक्षर म्हणजे डोकेदुखी होती. प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनी खिळ्यावर, आणि शेपटी खिळ्याबाहेर काढली की ती मोडण्याची भीती. फिल्मवर अक्षराला अक्षर हवं तसं खेटवता यायला लागलं तेव्हा काम सोपं झालं.

या इतिहासातली एक गोष्ट टेबलावर रोज उपयोगी पडते. जोड बहुतेक वेळा वर जाणाऱ्या रेघेत असतो. म्हणजे अख्ख्या शब्दातला सगळ्यात बारीक भाग तोच. खाली छपाईकडे आलो की हे पुन्हा लागेल.

आता फॉन्ट बनवणारा हा जोड दोन तऱ्हांनी बसवतो. साधी तऱ्हा अशी की प्रत्येक अक्षराची शेपटी एकाच उंचीवर संपवायची आणि पुढचं अक्षर बरोबर तिथूनच उचलायचं. अक्षरं नुसती शेजारी ठेवली की काम झालं. पण इंग्रजीतली चार स्मॉल अक्षरं हट्टी: बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू. हातानं लिहिताना ही वरच संपतात, पायाशी येतच नाहीत. त्यामुळे व्हीनंतर येणारा ए आणि एननंतर येणारा ए यांची सुरुवात वेगळी हवी. ज्याला खरं हस्ताक्षर दाखवायचंय तो फॉन्टवाला मग एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आत भरून ठेवतो आणि शेजारी कोण आहे ते बघून योग्य रूप पुढे करायचं काम सॉफ्टवेअरवर सोडतो. याला कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स म्हणतात. सॉफ्टवेअरनं ते काम केलं नाही की व्हीची शेपटी हवेत जाते.

आपल्या नावांत ही चार अक्षरं किती येतात बघा. वैभव, शिवानी, देवयानी, रोहिणी, योगेश, सौरभ. म्हणून फॉन्ट पसंत करताना मी फॉन्टच्या जाहिरातीतला नमुना बघत नाही. तिथे ज्या अक्षरांचा जोड देखणा तेच शब्द निवडलेले असतात. रोहिणी आणि वैभव इंग्रजीत टाइप करून बघतो. एवढ्यावर निम्मे फॉन्ट गळतात.

पहिला संशय: अक्षरांमधलं अंतर

अंतर शून्य आहे ना, हे सगळ्यात आधी. जोड असलेल्या फॉन्टमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवणं म्हणजे साखळीच्या कड्या ओढून उघडणं. आणि हे अंतर कुणी मुद्दाम वाढवत नाही, ते आपोआप शिरतं. वरचं 'शुभविवाह' किंवा एखादं कॅपिटलमधलं इंग्रजी शीर्षक ऐटीत पसरवलेलं असतं, तोच टेक्स्ट बॉक्स कॉपी करून त्यात नाव टाकलं, फॉन्ट बदलला, अंतर मात्र मागचंच राहिलं. कॅन्व्हाच्या तयार टेम्पलेटमध्ये तर हे हमखास होतं.

कोरलड्रॉमध्ये अजून एक गंमत आहे. शेप टूलनं ओळ निवडली की कडेला बाण दिसतो. तो जरासा ओढला गेला तरी सगळ्या ओळीतलं अंतर बदलतं. ऑपरेटर नोडला हात लावायला गेला आणि बाण धरला, एवढंच कारण असतं. दिसायला फरक इतका थोडा की छापून येईपर्यंत कुणाला पत्ता नाही.

इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरवाल्यांनी कॅरेक्टर पॅनेलमधलं कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, बघावं. तिथे 'ऑप्टिकल' असेल तर ते 'मेट्रिक्स' किंवा 'ऑटो' करा. ऑप्टिकलमध्ये सॉफ्टवेअर अक्षरांच्या आकारावरून अंतर स्वतः ठरवतं, आणि त्याला शेपट्या एकमेकांना टेकायच्या आहेत हे कळत नाही. फॉन्टवाल्यानं महिनोन्महिने बसवलेलं गणित एका क्लिकमध्ये जातं. परिच्छेद जस्टिफाय केला असेल, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या असतील, तर जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवा. मुळात कर्सिव्हमध्ये अख्खा परिच्छेद जस्टिफाय करावाच का, हा माझा जुना वाद आहे, तो इथे नको.

दुसरा: पर्यायी रूपं बंद आहेत

अंतर शून्य आहे, तरी ओ-व्हीच्या मागचीच अक्षरं तुटतात आणि बाकी सगळं जुळलेलं आहे? मग कारण हेच. वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबा, फॉन्टची खिडकी उघडेल, त्यात ॲडव्हान्स्ड टॅबवर 'युज कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स' असा चौकोन आहे, तो बऱ्याचदा बंदच असतो. त्याच्या वर लिगेचर्सचा, म्हणजे जोडूनच घडवलेल्या अक्षरांचा, पर्याय आहे, तोही 'स्टँडर्ड ओन्ली' करा. ही सोय वर्ड २०१० पासूनची. त्याआधीच्या वर्डमध्ये शोधू नका. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये ओपनटाइपच्या बटणांच्या ओळीत तेच चिन्ह सापडतं.

याच जागी स्वॉशचाही पर्याय असतो, म्हणजे कॅपिटल अक्षरांना लांब लांब वेलांट्या. तो सगळ्या मजकुराला एकदम लावू नका. नावाच्या पहिल्या अक्षराला एक, फार तर शेवटच्या अक्षराला एक. झापफिनोसारख्या फॉन्टमध्ये (हर्मान झाप्फ यांचा, १९९८ चा) एकेका अक्षराची इतकी रूपं आहेत की नवीन मुलगा सगळीच वापरून टाकतो आणि पत्रिकेवर शेवयांचं ताट सांडल्यासारखं दिसतं.

कर्व्ह करताना होणारा घोटाळा

प्रेसला फाईल पाठवताना 'कर्व्ह करून पाठवा' हे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. अक्षरांचं चित्र झालं की समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो, फरक पडत नाही. फक्त कर्व्ह केलेल्या फाईलच्या शेजारी न केलेली प्रत ठेवा. मुहूर्त बदलल्याचा फोन रात्री अकरालाच येतो.

पण कर्सिव्हच्या बाबतीत कर्व्ह करून काम संपत नाही. या फॉन्टमध्ये जोड म्हणजे एका अक्षराची शेपटी दुसऱ्या अक्षराच्या अंगावर चढलेली असते. जोडाच्या जागी दोन आकार एकावर एक असतात. स्क्रीनवर दोन्ही काळे, म्हणून दिसत नाही. आता हे सगळे आकार एकत्र करायचे म्हणून कोरलमध्ये तुम्ही 'कम्बाइन' केलंत, म्हणजे कंट्रोल-एल दाबलंत, तर कम्बाइनचा नियम असा की जिथे दोन आकार एकावर एक येतात तिथे भोक पडतं. वापरायला हवं 'वेल्ड', ते सगळ्या आकारांचा मिळून एकच आकार करतं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं 'युनाइट'.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सोनेरी फॉइलच्या पत्रिका होत्या, मरून मेटॅलिक कागदावर. मीच कंट्रोल-एल दाबलं, मीच फाईल डाय, म्हणजे फॉइलचा ठसा, बनवायला पाठवली, आणि स्क्रीनवर पूर्ण पान बसवून बघितल्यामुळे ती भोकं मला दिसली नाहीत. तीनशे कार्डं आली. प्रत्येक नावात, प्रत्येक जोडावर, खसखशीच्या दाण्याएवढा मरून ठिपका. मुलाचे वडील भले. म्हणाले, "डिझाइन आहे का हे?" मी खरं सांगितलं आणि डाय पुन्हा केला, माझ्या खर्चानं. तेव्हापासून फॉइल, व्हिनाइल कटिंग किंवा लेझरला जाणारं प्रत्येक नाव मी वेल्ड करतो आणि मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघतो. वायरफ्रेममध्ये नावाभोवती सलग एकच रेघ दिसली पाहिजे, मधे कुठेही एक अक्षर दुसऱ्याला छेदताना दिसता कामा नये. व्हिनाइलवाल्यांकडे तर हे केलं नाही तर मशीन प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि सोलताना शेपट्या हातात येतात.

नावाला बाहेरून रंगीत रेघ द्यायची असली तरी आधी वेल्ड. नाहीतर ती रेघ प्रत्येक अक्षराच्या कडेनं, जोडाच्या आतूनही फिरते आणि नाव तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं.

मराठी मजकुराला फॉन्ट लागतच नाही

"दादा, ग्रेट व्हाइब्स लावला पण मराठी बदललंच नाही." बदलणार नाहीच. ग्रेट व्हाइब्स, अलेक्स ब्रश, एडवर्डियन स्क्रिप्ट या फॉन्टांत देवनागरी अक्षरं भरलेलीच नाहीत. मग कॉम्प्युटर गुपचूप स्वतःकडचा देवनागरी फॉन्ट आणून बसवतो: नव्या विंडोजवर निर्मला यूआय, जुन्यावर र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल, अँड्रॉइडवर नोटो. फॉन्टच्या रकान्यात नाव मात्र ग्रेट व्हाइब्सच दिसत राहतं. म्हणूनच तीच फाईल तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसते.

उपाय म्हणजे देवनागरी असलेला वळणदार फॉन्ट घेणं. गूगल फॉन्ट्सवर अमिता, तिल्लाना, कलम हे तिन्ही मोफत आहेत आणि तिन्हींत देवनागरीबरोबर इंग्रजी अक्षरंही आहेत, त्यामुळे मिश्र मजकूर एका घरातला वाटतो. कलम हे पेननं लिहिल्यासारखं, साधं. घरगुती आमंत्रणाला, हळदीकुंकवाच्या कार्डाला छान. मुख्य नावाला मी अमिता घेतो.

पण कॉपरप्लेटसारखी हुबेहूब देवनागरी मागू नका, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. इंग्रजीचा जोड पायाशी असतो, आपला डोक्यावर. शिरोरेघ हाच आपला जोड. शिवाय इंग्रजी टाकात जाड-बारीक होतं ते दाबामुळे, आपल्या बोरूत होतं ते टोकाच्या तिरक्या कापामुळे. खरं कर्सिव्ह हवं तर आपल्याकडे मोडी होतीच. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं, हात शक्यतो न उचलता, शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडता. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या सामाईक अक्षर-यादीत, जागा मिळाली आणि नोटोमध्ये तिचा फॉन्टही आहे. एका जोडप्यानं हौसेनं नावं मोडीत छापून घेतली होती. देखणी दिसली. वाचली कुणी नाही, म्हणून खाली बाळबोधात पुन्हा छापली.

देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेघेत फटी पडतात, म्हणजे वरचा पहिला संशय इथेही लागू. पण खास मराठी बिघाड तीन आहेत.

एक, अक्षरं फुटणं. वेलांटी चुकीच्या जागी, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं व्यंजन. यात फॉन्टचा दोष नसतो, सॉफ्टवेअरची मांडणी देवनागरीसाठी चालू नसते. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप भागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्येच टेक्स्ट इंजिन बदलावं लागतं, आणि आधीच टाइप केलेल्या लेयरला ते वेगळं लावावं लागतं. पेजमेकरवर अजून काम करणारे मित्र असतील तर त्यांना युनिकोड मजकूर पाठवू नका. ते सॉफ्टवेअर २००१ च्या सातव्या आवृत्तीवर थांबलं, त्याला युनिकोड कळत नाही. तिथे जुने कीबोर्डवाले फॉन्टच चालतात, आणि त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग एकदा डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर रफार हमखास विसरतो.

दोन, चौकोन येणं. पत्रिकेत तो येतो 'ॲड.' मध्ये. अमुक यांचे चिरंजीव, तमुक वकिलांची कन्या, आणि वकिलांच्या नावाआधी एक रिकामा खोका. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीच्या घाटणीच्या सजावटी फॉन्टांत ते नसतं. तात्पुरता इलाज म्हणजे अ वर चंद्र देऊन 'अॅ' टाइप करणं. बऱ्याच ठिकाणी ते निभावतं, काही फॉन्टांत चंद्र बाजूला सरकतो. रुपयाचं चिन्ह त्याच पंगतीतलं, २०१० चं. पत्रिकेवर ते लागत नाही, पण केकच्या लेबलवर लागतं.

तीन, वऱ्हाड. हा माझा आवडता चाचणी-शब्द. त्यातला अर्धा र पापणीसारखा आडवा हवा. तो ऱ नं टाइप केला असेल तर बहुधा टिकतो. साध्या र ला अदृश्य जोडक लावून टाइप केला असेल तर व्हॉट्सॲपवरून वर्ड, वर्डवरून कोरल अशा प्रवासात तो जोडक कुठेतरी गळून पडतो आणि वऱ्हाडाचं 'वर्हाड' होतं. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी आडनावं असतील तर ती प्रूफमध्ये बोट ठेवून वाचा. जाता जाता: काही फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली तरच बाहेर येतात. हिंदी निवडलेलं राहिलं तर ल हिंदी वळणाचा येतो, आणि आमच्याकडच्या निवृत्त मास्तरांना तो लगेच खुपतो.

छापल्यावर जोड गायब होतो

फाईल बरोबर, कर्व्ह बरोबर, स्क्रीनवर सगळं जुळलेलं, आणि कागदावर नाव तुटकं. इथे वर सांगितलेली केसाची रेघ आठवा. जोड सगळ्यात बारीक, म्हणून छपाईत पहिला तोच मरतो.

मोजायची सोपी युक्ती सांगतो. नावाची एक प्रत कर्व्ह करा, छापायच्या खऱ्या आकारात ठेवा, तिच्या जोडाशेजारी पाव पॉइंट जाडीची रेघ ओढा आणि चांगलं आठशे टक्के मोठं करून बघा. जोड त्या रेघेपेक्षा बारीक असेल तर नाव मोठं करा किंवा फॉन्ट बदला. गडद रंगात पांढरं नाव कोरायचं असेल तर मी अर्धा पॉइंट धरतो, कारण शाई चारी बाजूंनी आत सरकते. आणि ते गडद मरून चार रंगांच्या मिश्रणातून येत असेल तर चारही प्लेटा अगदी एकावर एक बसल्या तरच रेघ शाबूत राहते. तेवढी अपेक्षा लग्नसराईतल्या ऑफसेटकडून करू नका. एकाच शाईचा स्वतंत्र रंग घ्या. स्क्रीन प्रिंटिंगला जाळीच्या विणीपेक्षा बारीक काही टिकत नाही. फॉइलला उलटा त्रास: रेघ टिकते, पण स्मॉल ई आणि ए ची पोटं सोन्यानं भरतात.

जोड जाड करायला त्याच रंगाची बारीक बाह्यरेघ देता येते, गोल कोपऱ्यांची. ०.१ ते ०.१५ पॉइंटपर्यंत ठीक. त्यापुढे नाव सुजतं. त्यापेक्षा मुळात अंगानं भरलेला फॉन्ट बरा: पॅसिफिको, किंवा डान्सिंग स्क्रिप्टचं बोल्ड. डान्सिंग स्क्रिप्टमध्ये बोल्ड खरं बनवलेलं आहे. ग्रेट व्हाइब्समध्ये एकच वजन, म्हणजे अक्षराची एकच जाडी. तिथे बी चं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं अक्षर फुगवतं आणि पोटं बुजतात. वेबसाइट बनवणाऱ्यांनाही हेच: शीर्षकाचा टॅग आपोआप बोल्ड लावतो, तो स्टाइलमध्ये 'नॉर्मल' करा. वेबवर वरची-खालची वेलबुट्टी कापली जात असेल तर ओळीची उंची वाढवा, बाजूची कापली जात असेल तर पॅडिंग द्या. लेटर-स्पेसिंग शून्य. झालं.

बिघाड नसून वापर चुकलेला असतो तेव्हा

काही फोटो असे येतात की फाईलमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. नाव नुसतं वाचता येत नाही. तिथे शंभरातल्या नव्वद वेळा तरी सगळं कॅपिटलमध्ये असतं. कॉपरप्लेटचं कॅपिटल हे शब्दाच्या दारात एकट्यानं उभं राहायला काढलेलं अक्षर आहे. फेटा, शेला, सगळा साज. पाच फेटेवाले एका बाकावर बसवले की कोण कोण आहे ते कळत नाही. त्यातून आय, जे, टी आणि एफ यांची कॅपिटलं अनेक फॉन्टांत भाऊ-भाऊ दिसतात. पदव्यांचंही तेच. एमबीबीएस कर्सिव्हमध्ये लिहिलेलं मी वाचू शकत नाही, पेशंट काय वाचणार. पदवी, फोन नंबर, पत्ता, मुहूर्ताची वेळ हे साध्या, उभ्या अक्षरात. या फॉन्टांतला एक आणि सात रात्रीच्या दिव्यात सारखेच दिसतात, आणि मुहूर्त एकचा की सातचा यावर जेवणाच्या पंगती ठरतात.

मी कर्सिव्ह कुठे वापरतो? दोन नावं, त्यांच्यामधला शब्द, फार तर 'शुभविवाह'. किलबिलाटाच्या ओळीला, म्हणजे आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, तिथे कलम. बाकी सगळं मुक्तासारख्या सरळ फॉन्टात.

तर वैभव-शिवानीचं काय झालं

माझ्या मूळ फाईलमध्ये अंतर शून्य, कर्निंग मेट्रिक्स, अल्टरनेट्स चालू. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे फाईलमध्येच भरलेला. ॲक्रोबॅटमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स टॅबवर ते दिसतं. म्हणून मोबाईलवर सगळं बरोबर. प्रेसला फोन लावला. "तुम्ही पीडीएफ कशात उघडली?"

"कोरलमध्ये. एका प्लेटवर चार लावायच्यात ना."

"उघडताना एक खिडकी आली असेल. टेक्स्ट की कर्व्हज?"

"ती येते रोज. मी ओके मारतो."

तिथेच होतं. कोरल पीडीएफ आत घेताना मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचा की 'कर्व्हज' म्हणून, हे विचारतं. टेक्स्ट निवडलं की ते स्वतः पुन्हा अक्षरं जुळवायला बसतं. त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल किंवा दुसरी आवृत्ती असेल तर बी-एचचा आणि व्ही-ए चा खास जोड हरवतो. त्यांना कर्व्हज निवडायला सांगितलं आणि पुढचा वाद नको म्हणून मी नावं वेल्ड करून दुसरी पीडीएफही पाठवली. खरं तर पहिलीच तशी पाठवायला हवी होती. रविवारची घाई नडली.

पावणेनऊला नवा फोटो आला. बी एचला टेकलेला, व्ही ए ला टेकलेला. खाली निरोप:

"मस्त दादा. आता फक्त निमंत्रकांत मामांचं नाव वाढवायचंय, याच फॉन्टमध्ये. ते म्हणतायत सगळं कॅपिटलमध्ये घ्या, उठून दिसेल."